नऊ वर्षं बाटलीत

प्रिय आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहिते. खोकला गेला, जेवण वेळेवर होतं. काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? दादा औषध आणतो ना, की अजून उद्यावर ढकलतो?

बातमी चांगली आहे. ओल्या जंगलातल्या माझ्या वाणी किड्याला नाव मिळालं. बोटाएवढा, तांबूस, हात लावला की गुंडाळी होणारा. जात नवी ठरली, लेखही छापून आला.

पण आई, तो नऊ वर्षं माझ्या कपाटात स्पिरिटच्या बाटलीत पडून होता. जात नवी ठरवायला नराच्या पायांची एक जोडी सूक्ष्मदर्शकाखाली बघून चित्रं काढायची, वर्णन लिहायचं. काम तीन महिन्यांचं. मी मात्र ते जंगल वाचवायला सभा गाजवत हिंडले. सुनावणीत तासभर कडाडले. साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, फक्त तिथेच राहणाऱ्या एका तरी जिवाचं नाव सांगा." तू जिला तोफ म्हणतेस, तिच्याकडे एकही नाव नव्हतं. बिननावाच्या जिवाची बाजू कुठलं न्यायासन ऐकणार?

गेल्या वर्षी ते जंगल तोडलं. बोलायला हवंच होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पण परवा तिथले ओंडके उलथून पाहिले. एकही वाणी नाही.

लेखाची प्रत सोबत आहे. शाळेतून आल्या आल्या भाषण ठोकायचे, तेव्हा तू म्हणायचीस, "आधी बूड टेकव." आता टेकवलंय, आई.

तुझीच,
तोफ