रुमालातून गाळलेलं

ता. ३ जून

चि. छकुलीस,
ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

बापूला तेरा तारखेला सोडणार, न्यायला घरचं माणूस लागेल आणि घरचं माणूस म्हणजे मीच, हे तू फार गोड शब्दांत लिहिलंस. मी येणार नाही.

तुझ्या हॉस्पिटलात त्याला पोचवला तेव्हा स्पिरिट प्यायला एवढंच तुला सांगितलं होतं. आता पुरतं ऐक. कवळ्यांची मापं घेतलेले ट्रे दातांच्या डॉक्टरांकडून आपल्या कारखान्यात येतात, लोकांच्या तोंडातून निघालेले. प्लास्टर ओतून झालं की आपण ते स्पिरिटच्या बरणीत बुडवून ठेवतो. त्या बरणीत मेणाचे कपटे असतात, प्लास्टरचा गाळ असतो, कुणाकुणाची वाळलेली लाळ असते, एकदा तर भाताचं शीत तरंगत होतं. ती बरणी तोंडाला लावून आपला भाऊ भरदुपारी उभा होता. मला पाहिलं आणि मिशा पुसल्या. तेव्हापासून मला घास गिळवत नाही. नवा ट्रे आला की मी तो चिमट्याने उचलते.

तू त्याला आजार म्हणतेस. आजार बाबांना होता. प्लास्टरची धूळ छातीत बसून गेले ते, पण त्यांनी कधी कुणाची थुंकी प्यायली नाही.

बाकी क्षेम. राग माझ्यावर काढ, लोभ मात्र कमी करू नकोस.
तुझी,
ताई

ता. ५ जून

ती. ताईस,
छकुलीचा सा. न. वि. वि.

पन्नाशीला आले तरी तू मला छकुली म्हणतेस, आणि वॉर्डातल्या मुली ते पाकिटावर वाचून हसतात. असो.

तुझं पत्र वाचल्यावर मी दिवसभर बापूदादाच्या खाटेकडे फिरकले नाही. एवढी वर्षं लोकांच्या उलट्या उपसल्या, पण मलाही शिसारी आली, खोटं कशाला बोलू. मग रात्रपाळीच्या बाईंना चार्ज देताना मनात आलं, राजीखुशीने कुणी परक्याची लाळ पिईल का? हा तोच ना, जो दुधावरची साय दिसली की कप तिथेच टाकून पळायचा? त्याला शिसारी आली नाही, इथेच त्याचा आजार दिसतो. आमचे मोठे डॉक्टर म्हणतात, सुरुवातीला माणूस पितो, पुढे मेंदूच त्याला पाजतो.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, ताई. मी नर्सेसच्या वसतिगृहात राहते, तिथे त्याला ठेवता येणार नाही. तू आली नाहीस तर तेरा तारखेला त्याला गेटाबाहेर सोडतील. समोरच दारूचं दुकान आहे. वीस पावलांवर, मी चालून पाहिलं.

उलटटपाली कळव. माया आहेच, ती असू दे.
तुझी,
छकुली

ता. ७ जून

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

मेंदू पाजतो म्हणे. मग गाळत कोण होतं? हे मागच्या पत्रात लिहायची हिंमत झाली नव्हती. बरणीच्या तोंडावर त्याने रुमाल बांधला होता, बाबांचा, निळ्या काठाचा. त्यातून गाळून पीत होता. ज्याला गाळायची अक्कल आहे त्याला न प्यायची अक्कल नव्हती? साय बाजूला काढावी इतक्या निगुतीने तो हे करत होता. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही, तुझ्या डॉक्टरांना सांग.

इकडे माझे हाल आहेत. वरच्या कवळ्या मला जमतात, खालच्या त्याच्याच हातच्या. आपल्या शाळेतल्या बाईंची खालची कवळी तीनदा परत आली. बाईंनी ती पुसायचीही तसदी घेतली नाही, तशीच कागदात गुंडाळून माझ्यापुढे ठेवली. मला त्याचे हात हवेत, तो नको.

आता या विषयावर पुरे. तब्येतीला जप.
तुझी,
ताई

ता. ९ जून

ती. ताईस,
बापूचा सा. न. वि. वि.

छकुलीने तुझी दोन्ही पत्रं मला वाचायला दिली. नर्स म्हणून चूक, बहीण म्हणून बरोबर.

रुमालाचं खरं आहे. सुरुवातीला रोज धुऊन बांधायचो. तू पाहिलास तेव्हा त्याला मधोमध भोक पडलं होतं, ते तुला दिसलं नसेल. मला दिसत होतं. दुसरा रुमाल खिशात होता, तरी बदलला नाही. याला आजार म्हणायचं की हट्ट, ते माझं मलाच ठरवता येत नाही. छकुली आजार म्हणते तेव्हा हायसं वाटतं, आणि हायसं वाटलं की प्यावंसं वाटतं. तू सोंग म्हणतेस तेव्हा लाज वाटते, आणि लाज वाटली तरी प्यावंसंच वाटतं. आज चौतीस दिवस प्यायलो नाही एवढं सांगू शकतो.

एक गोष्ट मी इथे कुणालाही सांगितलेली नाही. मी रोज एवढं प्यायचो, पण सकाळी बरणी कधी रिकामी सापडली नाही. तू येऊ नकोस. मी तुला दोष देत नाही.

तुझा,
बापू

ता. ११ जून

चि. बापूस,
ताईचे आशीर्वाद.

मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. दिवसा बरणी संपली की तुझे हात कापायचे आणि काम बिघडायचं. भरलेली असली की दुपारपर्यंत खालच्या कवळ्या अशा सुरेख निघायच्या की डॉक्टर कौतुकाची चिठ्ठी पाठवायचे. म्हणून रोज तू यायच्या आधी मी ती भरायचे. आतले ट्रे काढून घ्यावेत, निदान स्वच्छ स्पिरिट ठेवावं, एवढंही केलं नाही. केलं असतं तर मला माहीत आहे हे तुला कळलं असतं. त्या दुपारी मी किंचाळले, कारण दातांच्या डॉक्टरांचा माणूस ट्रे घेऊन दारात उभा होता. तो नसता तर मी पाठ फिरवून कामाला लागले असते, रोजच्यासारखी.

तुला आजार आहे की नाही ते डॉक्टर बघतील. मला कसलाच आजार नव्हता. माझे हात कापत नव्हते, डोकं ठिकाणावर होतं आणि स्पिरिटच्या बाटलीवरची विषाची कवटी मला दिसत होती. महिनाभर घास गिळवत नाही तो तुझ्यामुळे, असं मी सगळ्यांना सांगत होते.

तेरा तारखेला सकाळी गेटाशी उभी असेन. माझ्याबरोबर यायचं की नाही, ते तू ठरव.

हे पत्र छकुलीला वाचायला दे. मला काय झालं होतं म्हणायचं, ते तिला विचार. लोभ मागायला मला तोंड नाही.

ताई