डावा स्पीकर खुलत नाही

१६ नोव्हेंबर ९६, शनिवार
पाडव्याची ओवाळणी आज आली. उशिरा, टेम्पोतून. ॲम्प्लिफायर, सीडी प्लेअर, कमरेइतके उंच दोन स्पीकर. हेमंत म्हणाला, "तू गातेस ना, म्हणून तुझ्यासाठी." माझ्यासाठी होतं तर दुकानात मला न्यायचं होतं. कंपनीतल्या मित्राला, पाटणकरला, बरोबर घेऊन गेला. तानपुऱ्याचा कोपरा गेला. तानपुरा आता कपाटावर, चादरीत गुंडाळून.
(तोंडावर अहो-तुम्ही. इथे तरी ‘तो’ लिहीन.)

१७ नोव्हें., रवि.
पहिलीच सीडी, सरोद. पाच मिनिटांत कळलं. उजवा स्वच्छ आहे, डावा तोंडावर उशी दाबल्यासारखा. डाव्यातून तबल्याच्या काठावरची तीक्ष्ण चाट येतच नाही, नुसती घुमघुम. म्हटलं, "डावा खराब निघालाय. आजच परत द्या."
"खराब नाही, नवीन आहे. दुकानदाराने बजावून सांगितलंय, महिनाभर वाजवले की खुलतात. स्कूटर नाही का आपण रनिंग-इन केली?"
"मग उजवा कसा पहिल्याच दिवशी खुला?"
"माधवी, तुला यातलं टेक्निकल काय कळतं?"
लग्नाआधीपासून गाणं शिकवतेय. टेक्निकल नाही कळत. बरं.

१९ नोव्हें., मंगळ.
हुकूम: तो महाप्याला कंपनीत असेल तेव्हाही सिस्टिम चालू ठेवायची. सकाळी निघताना लावून जातो, तेच सरोद, पुन्हा पुन्हा. दुपारच्या चार मुली आल्या. त्यांना फ्रीज आणि ओट्याच्या मधे बसवलं. रूपालीने पेटीवर हात ठेवून विचारलं, "बाई, सूर कुठला धरू? तुमचा की बाहेरचा?"
उठले, बंद केलं.
संध्याकाळी आल्या आल्या त्याने ॲम्प्लिफायरवर तळहात ठेवला. ताप बघावा तसा. "हा गार का?"
मी कुकर लावत होते. मग जे झालं ते लिहीत नाही. एवढंच, की ‘तुझा क्लास म्हणजे टाइमपास’ हे शब्द त्याचे आहेत.

२२ नोव्हें., शुक्र.
पाटणकर आले. याच्याच शेडमध्ये, याच्याच शिफ्टला असतात. थालीपीठं खाल्ली, डोळे मिटून ऐकलं. "वा! काय खुललेत रे!"
म्हटलं, "आधी कधी ऐकले होते, भावजी? खोकी तर घरीच फोडली, आणि तुम्ही आज पहिल्यांदाच येताय."
ते हसले. हा हसला नाही. ते गेल्यावर म्हणाला, माझ्या मित्रांचा अपमान करायचा नाही.

२४ नोव्हें., रवि.
आज भांडी पुसताना वाटलं, खरंच थोडं गोड लागतंय का? उजव्याची धार जरा मऊ झाल्यासारखी. काल-परवापर्यंत कानाला टोचत होती. स्पीकर सैल झाला की माझे कान? सांगता येत नाही, आणि त्याचाच राग आला. उद्या मीही ‘वा, खुललेत’ म्हणेन की काय!
डाव्याशी मात्र कान लावून पाहिला. वरचा छोटा गोल मुकाच. त्यात खुलण्यासारखं काही नाहीच.

२८ नोव्हें., गुरु.
तो गेल्यावर दार लावलं. वायरी काढल्या, दोन्ही स्पीकर जमिनीवरून सरकवत जागा बदलल्या. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. लाल-काळं नीट बघून जोडलं. पाठ भरून आली. टेक्निकल काही नव्हतं त्यात.

१ डिसेंबर, रवि.
तीन दिवस त्याच्या काही लक्षात आलं नाही. आज चहा घेऊन मधोमध खुर्ची टाकून बसला. हात वर करून मला बोलावलं. "ऐक! डावा आला की नाही लाईनवर? तू परत द्यायला निघाली होतीस."
आनंद झाला, आणि तो चांगला आनंद नव्हता. कपबशी हातातून घेऊन सांगितलं, मी गुरुवारी काय केलं ते.
आधी विश्वास बसेना. मागे वाकून वायरी पाहिल्या. मग, "माझी परीक्षा घेतेस? माझ्याच घरात?"
"घर दोघांचं आहे. आणि मी सांगून थकले होते."
"शनिवारी दुकानात चल. त्याच्यासमोर बोल हे सगळं."
"चला."

७ डिसें., शनि.
वाशी. रिक्षात मांडीवर अर्धा-अर्धा स्पीकर. दुकानदाराने एकदा लावला आणि लगेच म्हणाला, "वहिनी बरोबर आहेत. वरचा गेलाय. बदलून देतो."
मी म्हटलं, "मग महिनाभर वाजवायला का सांगितलंत?"
"थोडा फरक पडतो, वहिनी. बाकी गिऱ्हाइकाच्या कानालाच सवय होते. महिन्यानं कोणी तक्रार करत नाही." लाजलाही नाही.
हेमंत पेटला. "मला घरी दोन्ही सारखेच वाटतायत! तुम्ही बायकांचं ऐकून—"
दुकानदाराने शांतपणे शोरूममधला नवा कोरा स्पीकर घेतला, खालच्या मोठ्या गोलाची वायर काढली. "आता फक्त वरचा वाजेल. साहेब, ऐका." कथकची सीडी लावली. घुंगरू. बारीक, लखलखीत, अख्ख्या दुकानात. दारातलं एक गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.
हेमंत वाट बघत उभा. मग हात हलवून म्हणाला, "लावा ना आता."
दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी खाली.
"साहेब, लागलंय."

८ डिसें., रवि.
काल परतताना रिक्षात एकच वाक्य: "तू त्याला फितवलंस." आज सकाळी मात्र कपाटातलं घड्याळ काढून उजव्या कानाशी धरताना दिसला, मग डाव्याशी. मला पाहिलं आणि चावी देत असल्यासारखं केलं.
त्यांच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर आहेत. एकदा डबा द्यायला गेले होते, दिवसभर डोकं भणभणत होतं. कानात बोळे घाला म्हटलं होतं तेव्हा. "बायकी थेरं," म्हणाला होता. पाटणकरांनाही नीट ऐकू येतं का, विचारायला हवं. पण मी कशी विचारू?
जिंकले म्हणावं, तर तसं काही वाटत नाही. त्याची दया येते, आणि ‘टाइमपास’ आठवलं की ती जाते.

१२ डिसें., गुरु.
बदलीचा स्पीकर आला. दोन्ही आता सारखे. तानपुऱ्याची सीडी लावून पाहिली, जवारीची बारीक झणझणसुद्धा, सगळं येतं. मुलींनाही ऐकवलं.
संध्याकाळी त्याने येऊन फर्मान काढलं, "हा नवीन आहे. महिनाभर चालू ठेवायचा."
मी कणीक मळत होते. हात तसेच घेऊन बाहेर आले. "शनिवारी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय."
"कोणाच्या कानासाठी?"
"दोघांच्याही."
माझ्याकडे न बघता त्याने बटण फिरवलं, आवाज वाढवला. मी आणखी काहीतरी म्हणाले. त्याने अजून वाढवला. मुद्दाम, की ऐकूच आलं नाही म्हणून, ते मला तिथे उभं राहूनही कळलं नाही.