काउंटरसमोरचं पाणी

१२ मार्च १९९८, गुरुवार

धुकं! सकाळपासून समुद्र गायब, धावपट्टी गायब. आमची इमारत तेवढी ढगात तरंगतेय. बाहेर पाटीवर टर्मिनल, काउंटरवर हिरव्या अक्षरांची पाच टर्मिनलं, आणि त्यांच्या पोटात माझी टर्मिनलं — स्क्रूखाली तार आवळायची ती बारकी पितळी टोकं. एकतीस वर्षं तारा आवळतेय. दुपारी तीन नंबरचा पडदा दुरुस्त केला आणि बघतच बसले. अक्षरं हळूहळू वर सरकत होती. एक नाव, एक गाव, मग पुढचं... किती वेळ गेला कोण जाणे. कोणी हाक मारली तेव्हा भानावर आले.

बिल्याना मंगळवारी जाणार. माझी एकुलती एक लेक. टोरंटोला, कायमची. लिहिलं एकदाचं!

१४ मार्च, शनिवार

भांडलो. निमित्त काय, तर आलुबुखारचा मुरंबा. "आई, तिकडे मिळतो गं मुरंबा." माझ्या हातचा मिळतो का? "तू मला नीट जाऊ देणार आहेस की नाही?" जा ना, म्हटलं, मी काय पाय धरून ठेवलेत तुझे! दार आपटून मैत्रिणीकडे राहायला गेली. बॅगांसकट.

काय मेली जीभ ही माझी!

१५ मार्च

फोन नाही.

१७ मार्च, मंगळवार

मैत्रिणीकडून परस्पर विमानतळावर आली. मी ड्युटीवर, हातात पेचकस. दोघी काउंटरसमोर उभ्या. काउंटरवरची डोचका म्हणजे गावभवानी! "अगं रुसाना, उंबऱ्यावर पाणी ओतलं नाहीस ना पोरीपुढे? कोरडीच पाठवतेस?" आणि तांब्या भरून आणलासुद्धा, वर हिरवी डहाळी खोचून. आमच्याकडे निघणाऱ्याच्या पायापुढे पाणी ओतायचं, त्याने ते ओलांडायचं, की पुढची वाट पाण्यासारखी वाहते. पण ते घरी. विमानतळाच्या आत कोण ओततं! रांगेतल्या बायका लागल्या मागे — ओता, ओता! बिल्याना दोन पावलं सरकून उभी राहिली. मी ओतलं. बिल्यानाने ओलांडलं.

फट्!

पाचही पडदे काळे. जमिनीतल्या पेटीत, जिथे पाचही टर्मिनलांच्या तारा येऊन मिळतात, तिथे पाणी शिरलं होतं. आमचे वेलेव साहेब धावत आले. "वीज हाताळणारी बाई तू, आणि पाणी ओततेस? डोकं ठिकाणावर आहे का?" हाताने प्रवाशांच्या याद्या लिहीपर्यंत पुन्हा धुकं उतरलं. विमान उद्यावर गेलं.

मला साहेबांनी घरी हाकललं, तीही माझ्याबरोबर आली. कुठे जाणार दुसरीकडे? चीज घालून पाव भाजले, दोघींनी पातेल्यातूनच दही खाल्लं. खिडकीबाहेर सगळं पांढरं, रस्ता नाही, शेजार नाही, जगात आम्ही दोघीच. दुपारी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. सत्तावीस वर्षांची घोडी! पायाला मुंग्या आल्या, हलले नाही.

१८ मार्च

गेली. आज आभाळ स्वच्छ. मुरंबा आपणहून मागून घेतला.

२२ मार्च, रविवार

वहीशी तरी खोटं कशाला बोलू? चूक वगैरे काही नव्हती ती. पेटी कुठे आहे ते मला झोपेतही सांगता येईल. झाकणाचं झिजलेलं रबर मीच काढलं होतं, नवं अजून आलेलं नाही. सगळं ठाऊक असून त्यावर ओतलं. वाट मोकळी व्हावी म्हणून ओतायचं पाणी, आणि मी ते तिला अडवायला ओतलं! सख्खी आई ना मी? चार दिवस घास गोड लागत नाही. तिला सांगायलाच हवं. मग तोडू दे संबंध, तोडायचा तर.

२९ मार्च, रविवार

सांगितलं फोनवर. म्हणाली, "आई, शाळा सुटल्यावर त्याच झाकणावर बसून मी गृहपाठ केलाय, खाली काय आहे ते तूच सांगितलंस. तांब्या आल्यावर एवढा मोठा हॉल सोडून मी तिथेच का येऊन उभी राहिले, वाटतं तुला?"