हलकी म्हणून दिलेली बाटली

मी, रविकांत सोनू घाडी, वय ६२, मूळ राहणार तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग, हल्ली मुक्काम माबेला, मस्कत, ओमान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. मला यकृताचा कॅन्सर आहे, शेवटचा टप्पा. दुखण्याची गोळी डोके जड करते, म्हणून लिहून होईपर्यंत ती घेतलेली नाही. मी अविवाहित आहे.

१. गावचे घर व लगतची अठरा आंब्याची कलमे माझा धाकटा भाऊ कै. एकनाथ याची पत्नी प्रेमा हिला द्यावीत. चुलतभाऊ बंटीने हद्दीचा दगडी गडगा चार हात आत सरकवला आहे. मी गप्प बसलो. तिने बसू नये.

२. बँकेतील ठेव एकनाथची मुलगी अश्लेषा हिच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी.

३. माझी मापे, लांब चमचा आणि वही क्षितिजला. हॉटेलच्या ज्या बारमागे मी सव्वीस वर्षे उभा राहिलो, तो बार आता क्षितिजच सांभाळतो. वहीतले लाइट व्हिस्कीचे पान त्याने आधी वाचावे. ही अमेरिकेतली व्हिस्की. ती फार कडक गाळतात, त्यात धान्याची चव बरीचशी जाते. मग बहुधा वापरलेल्या पिंपात मुरवतात, म्हणून रंग फिका. बहुतेक माल दुसऱ्या व्हिस्कीत मिसळायला जातो, स्वतःच्या नावाने क्वचितच विकला जातो. हलकी असते ती चव, नशा नव्हे. गिऱ्हाईकाने विचारले नाही तरी हे सांगावे.

४. मी सांगितले नाही. एकनाथ इथून जवळच्या बरका गावी एका अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, मळ्यावर पिकअप चालवायचा. बिअरपलीकडे काही घेणार नाही, असा त्याने प्रेमाला शब्द दिला होता. मार्च २०१९ मधल्या एका शुक्रवारी तो माझ्याकडे जेवायला आला. दारूच्या परवान्यावर घेतलेली लाइट व्हिस्कीची बाटली मी काढली. लेबल वाचून त्याने विचारले, "दादा, ही लाइट म्हणजे बिअरसारखीच ना?"

मी म्हणालो, "हलकीच आहे, घे."

मला सोबत हवी होती. चार ग्लास घेऊन तो दुपारी चारला निघाला. बरक्याच्या अलीकडे गाडी दुभाजकावर चढून उलटली. तो जागीच गेला.

५. प्रेमाला मी फोनवर टायर फुटल्याचे सांगितले. जुने टायर दिले म्हणून ती आजही अर्बाबला शिव्याशाप देते. त्याचा काही दोष नाही. रक्तात दारू सापडल्याचा पोलिसांचा अरबी कागद त्याने वाचला, "खलास, रवी" एवढेच म्हणाला आणि कागद माझ्या हातात ठेवला. तो भाषांतरासह माझ्या कपाटात आहे. प्रेमाला द्यावा, आणि कलम चार तिला व अश्लेषाला वाचून दाखवावे. त्यानंतरही घर तिचेच. तिने मला माफ करावे अशी अट नाही.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी क्षितिजने करावी. माझे दहन इथेच व्हावे, देह गावी पाठवू नये. एकनाथची शवपेटी ताब्यात घ्यायला प्रेमा विमानतळावर एकटी उभी होती. सुट्टी मिळाली नाही असे मी तिला कळवले होते. सुट्टी मंजूर झाली होती.

सही: रविकांत सोनू घाडी

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली:
१. उजैर मुकादम, स्टोअरकीपर
२. वासंती नाडकर्णी, परिचारिका

माबेला, ९ नोव्हेंबर २०२५