सुलाबाईंची हरकत

जेल रोड, नाशिक रोड
१९ जानेवारी

प्रिय आग्नेसअक्का यांस,

तुमच्या फिलूचा प्रेमाचा सलाम. श्रीरामपूरला थंडी कशी आहे? तुमच्या गुडघ्याचं निकिताकडून कळलं. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत मी तुमच्या डाव्या गुडघ्याचं नाव घेते (उजवा असेल तर लगेच कळवा, बदल करता येईल). नाताळच्या करंज्या पोचल्या. तीन फुटल्या होत्या, त्या आधी खाल्ल्या, म्हणजे उरलेल्या अख्ख्या करंज्यांकडे बघत चार दिवस तुमची आठवण काढता आली. सहा वर्षांपूर्वी कोर्टाने तुमच्या बंधूंना आणि मला वेगळं केलं तेव्हा वकीलसाहेब म्हणाले होते, बाई, आता सासरची सगळी नाती संपली. त्यांना तुमच्या करंज्या ठाऊक नव्हत्या.

पत्राला तसं काही कारण नाही. सहज लिहावंसं वाटलं. सध्या इकडे सकाळी इतकं धुकं असतं की समोरची इमारत नसतेच, आणि नसताना ती फार सुंदर दिसते. स्टेशनातून गाडी निघाल्याचा आवाज येतो, गाडी दिसत नाही. मी चहाचा कप धरून गॅलरीत उभी राहते आणि मला कॉन्व्हेंटची प्रार्थनेची खोली आठवते: मेणाचा वास, पॉलिश केलेली बाकं, आणि आपण मोठेपणी कुणीतरी फार चांगल्या होणार आहोत ही खात्री. ती खात्री नंतर कुठे गेली ते मला शोधता आलं नाही, पण या महिन्यात ती पुन्हा आसपास कुठेतरी असल्यासारखी वाटते.

आता निकिताचा पराक्रम सांगते. आईने अठ्ठावन्नाव्या वर्षी एकटं राहू नये, असं माझ्या लेकीने बंगळुरात बसून ठरवलं आणि मला न विचारता माझी माहिती एका विवाहाच्या साइटवर टाकली. फोटो वीस वर्षांपूर्वीचा, त्यातून तुमचे बंधू कापून काढलेले (त्यांचा एक कोपर राहिला आहे माझ्या खांद्यापाशी). तिथे विचारलं होतं: अविवाहित, विधवा की घटस्फोटित? मी तिला म्हटलं, मी यातली कुठलीच नाही गं. कोर्टाच्या लेखी मी मोकळी, चर्चच्या लेखी विवाहित. आपल्याकडे विवाहसंस्कार कोर्टाच्या शिक्क्याने पुसला जात नाही. ते लग्न मुळातच ग्राह्य नव्हतं असं धर्मप्रांताच्या विवाह न्यायालयाने ठरवलं तरच मी मोकळी, आणि तोवर कुणाबरोबर फिरायचं म्हणजे परस्त्रीने फिरायचं. निकिता म्हणाली, "मम्मी, तू परस्त्री? तू तर रस्ता क्रॉस करतानासुद्धा परवानगी मागतेस!" त्या साइटवरून एका निवृत्त गृहस्थांना मी कॉलेज रोडच्या कॉफीच्या दुकानात भेटलेही. पाचव्या मिनिटाला मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं की चर्चच्या मते मी अजून दुसऱ्याची पत्नी आहे. ते उठले, दोन्ही बाजूंना बघितलं आणि विचारलं, "मिस्टर इथेच आहेत का?" त्यानंतर त्यांचा फोन लागत नाही.

म्हणून म्हणते, फिरणंबिरणं माझ्या स्वभावात नाही. मोतीरामभाऊंची गोष्ट वेगळी आहे, ती निव्वळ मैत्री आहे. मोतीरामभाऊ मखमलाबादचे. शेवंती आणि गुलाब लावतात. त्यांचा मुलगा महेश शाळेत माझ्या वर्गात शिकायला होता. पत्नी जाऊन नऊ वर्षं झाली. आमच्या चर्चमध्ये वेदीची सजावट माझ्याकडे आहे आणि फुलं त्यांच्याकडून येतात, दर शनिवारी सकाळी. आधी ते फुलं ठेवून निघून जायचे. मग फुलं ठेवून थांबायला लागले. मग बाजारात न गेलेली एक वेगळी जुडी निघायला लागली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. "ही देवाची नाय, टीचर. ही तुमची." अक्का, इतकी वर्षं मी संसार केला, आणि एखादी गोष्ट देवाच्या आधी माझी म्हणून निघाल्याचं मला आठवत नाही. (पहिल्या दिवशी मी सवयीने त्यांना भाऊ म्हणून बसले. आता तो शब्द कसा काढून घ्यायचा ते कळत नाही. एकदम नुसतं मोतीराम म्हटलं तर ते घाबरतील, आणि मीही.)

त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी कधीकधी त्यांच्याबरोबर सोमेश्वरला जाते, डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे म्हणून. तिथे एका बाकावर बसतो. कॉन्व्हेंटात शिवण शिकवणाऱ्या आमच्या सिस्टर सांगायच्या, मुलगा आणि मुलगी शेजारी बसले तर मध्ये पवित्र आत्म्याला बसायला जागा ठेवावी. मी ठेवते. दोन आठवडे मोतीरामभाऊ त्या जागेकडे बघत राहिले, तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, "टीचर, आजून कोणी यायचंय का?" मी सगळं समजावून सांगितलं. तेव्हापासून ते त्या जागेवर आपली टोपी ठेवतात, आणि उठताना ती फार अदबीने उचलतात. नदीवर ऊन येतं, पाणी खडकावरून सांडत असतं, कुणीतरी भाजलेल्या कणसाचा वास सोडून जातं, आणि टोपी आमच्या मध्ये शांत बसलेली असते. मला कधीकधी वाटतं, वय झाल्यावर प्रेम म्हणजे एवढंच असावं. (मैत्री म्हणायचं होतं.)

आपल्या नियमाचा उलगडा त्यांना माझ्यापेक्षा लवकर झाला. मी अर्धा तास बोलत होते, संस्कार, संमती, न्यायालय. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे कोर्टात निकाल लागला, पन सातबाऱ्यावर आजून जुन्याचंच नाव हाय." मी म्हटलं, अगदी तसंच. "मग फेरफार करून घ्या ना." मी म्हटलं, त्याचाच अर्ज केला आहे. "किती दिस लागत्यात?" मी म्हटलं, वर्ष, दीड वर्ष. ते म्हणाले, "मग आमच्या तलाठ्यापरीस लय बरं हाय." आणि गंमत बघा, ख्रिस्ती बाईने हिंदू माणसाशी लग्न करायचं तर त्याची परवानगी मिळू शकते, असं फादर म्हणाले. ख्रिस्ती माणसाशी झालेलं लग्न सोडवणंच खरं कठीण. रजिस्टर लग्न करून टाकता येतं, तुमच्या बंधूंनी केलंच की सुरतेला. पण तसं केलं तर मला ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभं राहता येणार नाही. सात वर्षांची असल्यापासून मी त्या रांगेत आहे. बाकी सगळं सोडता येईल, ती रांग नाही. (हे सगळं आपलं तात्त्विक बोलणं. लग्नाचा विषय नाही.)

त्या अर्जाचीही एक गोष्ट आहे. त्यात लिहायचं असतं की लग्न कसं ठरलं, कसं झालं. मी एक्केचाळीस पानं लिहिली. श्रीरामपूरचा मंडप, तुम्ही माझ्या डोक्यावर नवरीची पांढरी जाळी टाचणीने लावलीत आणि टाचणी तोंडात धरून आशीर्वाद पुटपुटलात तो क्षण, वाजंत्री, पपईच्या झाडाखाली बसलेले तुमचे पप्पा, सगळं. फादरांनी ती वही आठ दिवसांनी परत केली. म्हणाले, "फिलोमिनाबाई, हे वाचून मलाच वाटायला लागलं की हे लग्न टिकायला हवं." शिवाय तिकडे एक धर्मगुरू नेमलेले असतात, त्यांचं कामच मुळी विवाहबंधनाचं रक्षण करणं. माझ्या लग्नाच्या बाजूने कुणीतरी मन लावून लढतंय, हे मी पहिल्यांदाच बघते आहे. फादर म्हणाले, हळवेपणा नको, साक्षीदार पाहिजे. लग्नाच्या आधी नवरदेवाच्या मनात काय होतं ते ठाऊक असलेलं कुणीतरी. मी म्हटलं, विचार करून सांगते.

हे सगळं हळूहळू, कुणाला न कळता चाललं होतं. पण मागच्या रविवारी घोटाळा झाला. मोतीरामभाऊंचा दुसरा डोळाही बरा झाला म्हणून मी रविवारच्या उपासनेत आभाराची मिस्सा मागितली होती. चिठ्ठीवर लिहिलं: मोतीराम, मखमलाबाद, आणि फिलोमिना, जेल रोड, यांच्यातर्फे. एवढंच. आता नोटिसा वाचणारे आमचे मास्तर त्या दिवशी चष्मा घरी विसरले. आधी लग्नाचे पुकारे होते (तुम्हाला काय सांगायचं, तीन रविवार वाचतात, नवऱ्यामुलाचं नाव, नवरीचं नाव, हरकत असेल त्याने कळवावी), आणि त्यांच्या खाली आभाराच्या मिस्सा. मास्तरांना मधलं शीर्षक दिसलंच नाही. दोन तरुण जोडप्यांची नावं वाचून त्याच दमात त्यांनी आमची वाचली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "यांच्या विवाहाला कुणाची हरकत असल्यास कळवावे."

चर्चमध्ये इतकी शांतता मी गुड फ्रायडेलासुद्धा ऐकलेली नाही. मोतीरामभाऊ त्या मिस्सेसाठी जास्तीच्या फुलांच्या टोपल्या द्यायला आले होते ते मागे दारापाशी उभे होते. आपलं नाव ऐकून त्यांना वाटलं, फुलांबद्दल आभार मानताहेत. ते चार पावलं पुढे आले, टोपी काढली आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला. पुढच्या बाकावरच्या एका कुटुंबाने टाळ्या वाजवल्या. आणि मग सुलाबाई उठल्या. तुम्हाला आठवतील, श्रीरामपूरच्याच, आता मुलाकडे इथे उपनगरला असतात, वय ब्याऐंशी. काठी टेकत उठल्या आणि म्हणाल्या, "हरकत हाय!"

फादर म्हणाले, "सुलाबाई, बसा, काहीतरी चूक झाली आहे."

"चूक कशी? हिचं लगीन झालेलं हाय! म्या सोता बुंदी वाढली पंगतीत. नवरा लय खुशीत होता, तीन टायमाला बुंदी मागून घेतली!"

मग मोतीरामभाऊंकडे वळून त्या म्हणाल्या, "आन तुमी कोन वो?"

"फुलवाला," ते म्हणाले.

"मग फुलं द्या आन जावा."

अक्का, ते खरंच टोपल्या खाली ठेवून गेले. मी वेदीकडे बघत बसले. त्या रविवारची शेवंती पांढरी होती, आणि मला सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं दिसत होतं. लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगते, माझं नाव आणि त्यांचं नाव एका श्वासात, आपल्या चर्चमध्ये, मोठ्याने, असं ऐकू आलं ते मी मनात पुन्हा पुन्हा ऐकत होते. मास्तर नंतर माफी मागायला घरी आले. मी त्यांना चहा दिला आणि करंजी दिली. माणूस माफी मागायला आलेल्याला इतकं हसून करंजी देत नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

शनिवारी मोतीरामभाऊ येतील की नाही याची मला धाकधूक होती. ते आले. देवाची फुलं ठेवली, माझी जुडी ठेवली. म्हणाले, "टीचर, म्हातारी बोलली ते खोटं नव्हतं." मी म्हटलं, नव्हतं. "मंग तुमी तुमच्या देवाला इचारून घ्या. मला घाई नाय. शेवंतीला चार म्हयने लागत्यात, मी काय तिला ओढून काढतो का?" आणि गेले. एवढंच. बाकी सगळं ठीक आहे.

पाण्याचा त्रास नाही. निकिता ईस्टरला येते आहे. तुम्ही गुडघा शेकत जा आणि जिना चढू नका. सगळ्यांना माझा सलाम सांगा.

तुमची,
फिलू

ता. क. वर मी ‘मैत्री’ असं जिथे जिथे लिहिलं आहे, तिथे तुम्हाला जे वाटलं असेल ते बरोबर आहे.

ता. क. २. पत्राला कारण नाही असं म्हटलं, ते खरं नाही. सुलाबाई गप्प बसल्या नाहीत. नवरदेव खुशीत होता अशी साक्ष द्यायला त्या तयार आहेत, आणि बंधनाच्या रक्षकांना त्यांचा जबाब हवा आहे. त्यांनी बुंदी वाढली हे खरंच आहे. पण हळदीच्या संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून तुमचे बंधू काय म्हणाले ते सुलाबाईंनी ऐकलेलं नाही. ते तुम्ही ऐकलंत. "अक्का, मला हे लग्न नको, पप्पांना सांग," असं ते म्हणाले आणि तुम्ही म्हणालात, मांडव पडलाय, आता गप्प बस. घटस्फोटानंतर तुम्ही मला फोनवर रडत रडत हे सांगितलंत. मी तेव्हा काय बोलले ते आठवत नाही, म्हणून आता सांगते: तुमच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. मांडव पडलेला होता. पण ते तुम्ही कागदावर लिहून द्याल का? सख्ख्या भावाबद्दल लिहायचं आहे, मला कळतं. जड वाटलं तर नाही म्हणा, करंज्या थांबवू नका. फॉर्म सोबत जोडला आहे. पंधरा फेब्रुवारीपर्यंत पोचायला हवा.

ता. क. ३. मोतीरामभाऊंनी मला अजून विचारलेलं नाही. हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. त्यांनी विचारलं नाही तरी फॉर्म लागणारच आहे, कारण विचारलं तर ‘हो’ म्हणायला मी मोकळी असायला हवी.

ता. क. ४. फॉर्मवर एक रकाना आहे, ‘अर्जदाराशी नाते’. अर्ज मंजूर झाला तर त्या लग्नाला काही अर्थ नव्हता असं ठरेल, आणि मग कागदोपत्री तुम्ही माझ्या नणंद कधी नव्हताच. अख्ख्या प्रकरणात मला तेवढंच सहन होत नाही. म्हणून तो एक रकाना मी तुम्हाला न विचारता शाईने भरून पाठवला आहे. ‘बहीण’ लिहिलं आहे. खोडायचं असेल तर तुमचं तुम्ही खोडा, मी खोडणार नाही.