शाळूवर उतरलेल्या भोरड्या

आत्याबाई, आज बीबी गावच्या बाजारात तुरीच्या हिरव्या शेंगा दिसल्या आणि मी गरजेपेक्षा जास्तच घेतल्या. दुपारभर ओट्याशी बसून सोले काढले, तव्यावर जरासे भाजले, लसूण, मिरची आणि सांबाराच्या काड्या घालून वाटले आणि तुमच्यासारखं भरपूर पाणी घालून कढण उकळत ठेवलं. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे लेकीच्या पुण्याच्या मैत्रिणीला परवा समजावून सांगावं लागलं तेव्हा हसू आलं. कढणाला उकळी फुटली, घरभर वास सुटला, आणि वाटलं, तुम्हाला लिहावं.

माझं पहिलं बाळ पोटातच गेलं, तो हिवाळा. दवाखान्यातून परत आल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. जेवण जात नव्हतं, बोलणं तर नाहीच. गल्लीतल्या बायका भेटायला येत आणि उंबऱ्याबाहेर पडल्यावर मला ऐकू येईल असं बोलत. तुम्ही आठवडाभर मला पडू दिलंत. मग एका सकाळी माझ्या अंगावर तुमची घोंगडी टाकलीत आणि म्हणालात, "चाल माह्यासंगं. शाळूवर पाखरं पडून राह्यले, मले एकटीले राखणं होत नाही."

दारात शेजारीण उभी होती. "कच्च्या अंगाच्या सुनेले थंडीचं कुठं नेऊन राह्यल्या?"

"कामाले," तुम्ही म्हणालात आणि कढणाची बरणी माझ्या हातात दिलीत.

काम कसलं! मचाणावर चढायलाही तुम्हीच मला हात दिलात. खाली दुधात आलेली शाळूची कणसं, अंगाला झोंबणारा वारा, आणि आपण दोघी एका घोंगडीत.  मग समोर बघतच तुम्ही म्हणालात, "माहे दोन गेले, तुह्या नवऱ्याच्या आंधी. मले कोनी इचारलं नाही. तिसऱ्या दिवशी वावरात निंदाले गेली होती मी." एवढंच. मी तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही गोफणीची दोरी सारखी करत होतात.

आणि तेव्हाच भोरड्या आल्या. अजून डोळ्यांसमोर आहे. लोणारच्या बाजूने एक काळसर ढग येतो, मध्येच वळतो, आणि वळताना अख्खा गुलाबी होतो. एवढी पाखरं, आणि एकही दुसऱ्यावर आदळत नाही. ढग खाली येतो, शाळूवर पसरतो, आणि सगळं शेत किलबिलाटाने थरथरायला लागतं. तुम्ही उठता, गोफणीत दगड घालता, हात वर नेता. आणि माझ्या तोंडून निघतं, "आत्याबाई, केवढ्या ह्या!"

दवाखान्यातून आल्यापासून मी बोललेले ते पहिले शब्द होते. तुमचा हात वरच थांबला. मग तुम्ही हळूच खाली बसलात, गोफण मांडीवर ठेवलीत. "पाह्य मंग," म्हणालात, "पोटभर पाह्य." काळं डोकं, मागे पडलेली शेंडी, गुलाबी पोट; कणसाला लटकून दाणे सोलण्याची ती घाई. मी पाहत राहिले आणि पाहता पाहता रडले. तुम्ही बरणीच्या झाकणात कढण ओतून माझ्यापुढे धरलंत. मी ते प्याले, आणि झाकण पुन्हा पुढे केलं.

संध्याकाळी मामंजी शेतात चक्कर मारून आले ते तावातच. बांधाकडची कणसं पार बोडकी झाली होती. "काऊन वो, दोघी-दोघी असून पाखरं हाकलता नाही आले?"

"माहा हात आखडला होता," तुम्ही म्हणालात. तव्यावरची भाकरी त्याच हाताने उलटत होतात.

मामंजींनी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्या ताटाकडे. मी अर्धी भाकरी संपवली होती. ते खाली बसले. "खाऊ दे," म्हणाले. पाखरांबद्दल म्हणाले की माझ्याबद्दल, मी आजवर ठरवलेलं नाही.

दोन वर्षांनी लेक झाली. तुम्ही तिला मांडीवर घेऊन अंगणातली पाखरं दाखवायचात, धोबी, खंड्या, होले. ती बोलायला लागायच्या आत तुम्ही गेलात. आता आपल्याकडे शाळू कोणी पेरत नाही, सगळा हरभरा. भोरड्या मात्र तलावाकाठच्या बाभळींवर येतात. सकाळी मी एकटीच जाऊन बसते. कोणाशी बोलावं लागत नाही, आणि एकटं वाटतही नाही. ही सवय तुमचीच देणगी आहे.

हा कागद कुठल्या पेटीत टाकणार? उशाखाली राहील. मघाशी लेक डोकावून गेली. "कोनाले लिहून राह्यली वो?" मी म्हटलं, "आईले." ती हसली. माहेरच्या, चिखलीच्या आईशी मी रोज फोनवर बोलते, हे तिला माहीत आहे. तिला वाटलं, मी थट्टा करतेय. मी पुढे लिहू लागले. तुमच्या तोंडावर हा शब्द मला कधी उच्चारता आला नाही, आत्याबाई. आज सहज निघाला.