लेव्हल नऊ

नाहूर (प.)
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

चि. हर्षद,

अनेक आशीर्वाद. आज हात आखडता घेऊनच देते आहे, पण मोठी बहीण आहे म्हटल्यावर द्यावेच लागतात.

आई बरी आहे. खुब्याच्या ऑपरेशनला परवा तीन महिने झाले. वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत येते, माझ्या आमटीला नावं ठेवते आणि परत जाते, म्हणजे तब्येत सुधारते आहे. समोरच्या टॉवरचं काम अजून चालूच आहे, दिवसातून दोनदा धूळ पुसावी लागते. साखरपुड्याचे फोटो मिळाले. रेवती छान दिसते आहे. तुझा कुर्ता खांद्यात घट्ट आहे, लग्नाला नीट माप देऊन शिव.

हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर तू दोन ओळी वाचून अंगठा पाठवला असतास. म्हणून कागद. रेवती शनिवारी आईला भेटायला येते आहे, तिच्या हाती पाकीट देईन. चिकटवलेलं आहे, तूच फोड.

काल दुपारी आई झोपल्यावर मी गेम उघडला. लॉकडाऊनमध्ये आपण दोघांनी एका खात्यावर सुरू केलेला, तू सांताक्रूझला राहायला गेल्यावरही कधी तू, कधी मी खेळत आलो तो. आपण घरच्यांची नावं दिलेल्या पथकात बाबा होते, ढाल घेऊन. आई होती, खिसे कापण्यात पटाईत. तुझा तलवारबाज होता. आणि एक नवी तिरंदाज होती, नाव रेवती. मी माझी वैद्यीण शोधली. छावणीत नाही, राखीव खेळाडूंत नाही. मग नोंदीत सापडली: 'रुचिरा, लेव्हल ९, सेवामुक्त.' जखम लवकर भरणारी तिची कर्णफुलं तू नव्या मुलीच्या कानात घातली होतीस. या गेममध्ये काढलेला माणूस परत येत नाही, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे.

मी लगेच फोन केला. तू म्हणालास, "अगं ताई, शेवटच्या किल्ल्यावर आठच जण नेता येतात यार. सगळे तिशीच्या वर आणि तू नऊवर. एक फटका पडला की खल्लास. मी इमोशनल होऊन हरू का?" वर हसलास आणि विचारलंस, "पण एवढी वर्षं खेळतेस ना, मग लेव्हल का नाही वाढवलीस?"

का नाही वाढवली ते सांगते.

ज्याच्या हातून शत्रू पडतो त्याला गुण मिळतात. त्याला आधी अर्धमेला करणाऱ्याला काही नाही, आणि मलम लावणारीला चिमूटभर. माझ्याकडे नुसती काठी होती. त्या काठीने मी समोरच्याला इतकं बडवायची की फुंकर मारली तर पडेल, आणि तिथे थांबायची. मग तुझा तलवारबाज पटावरची दोन घरं चालत यायचा, टिचकी मारायचा आणि तुझ्या नावाभोवती दिवे लागायचे. तू म्हणायचास, "झकास, परत लेव्हल वाढली." तो चपळाई शिकला, दुहेरी वार शिकला, ते सगळे गुण माझ्या खेळीतून तुझ्याकडे गेले. त्यात लढाया मोजक्याच. एकाला दिलेला गुण दुसऱ्याला मिळत नाही. तू चौतीसवर आहेस ना, त्यातल्या निदान वीस माझ्या आहेत.

कोणी बळजबरी केली नव्हती, हेही लिहिते. तुझे आकडे वाढताना बघायला मला आवडायचं. पण ज्याला वाढवलं त्यानेच येऊन विचारावं की तू का नाही वाढलीस? आणि उत्तरासाठी न थांबता काढून टाकावं? लाज वाटायला हवी होती, हर्षद.

गेमवरून ताई एवढी का पेटली, असं तुला वाटेल. मलाही काल तासभर तसंच वाटत होतं. मग कळलं की मी आठ दिवस गप्प बसले होते.

गोरेगावला, साखरपुड्यात, रेवतीच्या मामींनी विचारलं की बहीण काय करते. मी तुझ्या मागेच उभी होते, पेढ्यांचं ताट घेऊन. तू म्हणालास, "ताई घरीच असते. फिजिओथेरपी करत होती, थर्ड इयरला गचकली, मग सोडलंच. आता आईकडे बघते, गेम खेळते, मजेत आहे." मामी म्हणाल्या, मग लग्नानंतर आईंचं कसं? तू म्हणालास, "त्याचं काय टेन्शन, ताई आहेच ना." रेवतीने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तुला मागे वळावंसंही वाटलं नाही.

मी गचकले नव्हते. तिसऱ्या वर्षाला बासष्ट टक्के होते. गुणपत्रिकेची झेरॉक्स सोबत ठेवली आहे.

तुझी बारावी होती. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात बाबांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्याच आठवड्यात माझा निकाल लागला. बाबांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागायची. एक आई. दुसरं तू किंवा मी. आई म्हणाली, हर्षदचं वर्ष आहे. माझंही वर्ष होतं, ते कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि मीही बोलले नाही. महिन्याभराने तू विचारलंस, ताई, कॉलेजला का जात नाहीस? मी म्हटलं, नापास झाले. पोराच्या डोक्यावर ओझं नको, एवढाच विचार होता. आई समोर बसून शेंगा सोलत होती, तिनेही खोडलं नाही. आता ती पाहुण्यांना तेच सांगते, तिलाही ते खरं वाटतं. थाप माझी होती आणि चूकही माझी. पण तुला हलकं वाटावं म्हणून मारलेली थाप तू माझी लायकी म्हणून चारचौघांत सांगशील, हे मला तेव्हा सुचलं नाही.

बाबांचे हातपाय मी सहा वर्षं हलवले. ते गेले त्या महिन्यात उजव्या हाताने कप धरत होते, ते तू बघितलं आहेस. आईला मुलुंडच्या ज्या केंद्रात व्यायामाला नेते, तिथल्या डॉक्टरबाई दोन आठवडे माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, कुठे शिकलात? मी खरं ते सांगितलं, पहिल्यांदाच. २ डिसेंबरपासून त्यांनी मला मदतनीस म्हणून घेतलं आहे, नऊ ते तीन. चौथ्या वर्षासाठी विद्यापीठाकडे अर्जही केला आहे. इतक्या वर्षांनी घेतील असं वाटत नाही. नाही म्हणाले तर पुन्हा करीन.

सोमवार, बुधवार, शुक्रवार एक बाई येतील. मंगळवार, गुरुवार, शनिवार तुझे. मंगळवारी आणि गुरुवारी तू घरूनच काम करतोस, लॅपटॉप नाहूरलाही चालतो. आईला सांगितलं तर म्हणाली, "त्येका खंय जमतला?" मी म्हटलं, न जमायला काय झालं, शिकू दे. पाय सरळ ठेवून उचलायचा, दहा वेळा. सातव्याला ती म्हणेल दहा झाले. झालेले नसतात. उठताना काखेत हात घालून ओढायचं नाही, कमरेला धरायचं. पहिल्या दिवशी ती तुला शिव्या घालेल, त्या ऐकून घे.

मंगळवार, ३ डिसेंबरला साडेआठपर्यंत ये. तुला जमेल का, असं मी विचारत नाही. पावणेनऊला मी निघणार आहे. त्या दिवशी आई एकटी राहिली, तर कोणामुळे राहिली ते तिला मी सांगणार नाही. तूच सांग.

तुझी मोठी बहीण,
रुचिरा सहदेव घाडी
फिजिओथेरपी, तिसरे वर्ष, उत्तीर्ण